ओकेभाऊंनी सोडलेला शब्द

त्यांना साइटवर सगळे ओकेभाऊ म्हणत. हजेरीच्या वेळी खरं नाव रोज पुकारलं जायचं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नवा माणूस दोन दिवस ‘अहो, अहो’ करत चाचरायचा आणि मग तोही ओकेभाऊ म्हणूनच हाक मारायला लागायचा.

काम सिग्नलवाल्याचं. टॉवर क्रेनचा ऑपरेटर उंचावर काचेच्या केबिनमध्ये बसलेला असतो. इमारत जसजशी चढते, तसतसं त्याला खालचं दिसेनासं होतं. हुकाला लटकलेला माल नेमका कुठे टेकतोय, खाली कुणी माणूस आहे का, ते बघायला स्लॅबवर एक जण वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. तो सांगेल तसं वरचा चालवतो. डोळे एकाचे, हात दुसऱ्याचे. ओकेभाऊंचं सगळं आयुष्य असं दुसऱ्याचे डोळे होण्यात गेलं.

मी त्याच साइटवर स्टोअर सांभाळायचे. हेल्मेट, हातमोजे, वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या, सगळं माझ्या खिडकीतून जायचं. शिवाय आम्ही राहायला एकाच गल्लीत. त्यांच्या आणि माझ्या घराच्या मध्ये फक्त एक शिंप्याचं दुकान. त्यामुळे हा माणूस मला कामावरही दिसायचा आणि घरीही. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे, आणि वहिनींच्या मनातलं जे कुणाला कळायचं नाही, ते थोडंफार मला कळायचं.

‘ओके’ हा शब्द त्यांच्या तोंडी बसला तो पहिल्या साइटवर. तिथला फोरमन परक्या मुलखातला. त्याचं यांना कळेना, यांचं त्याला कळेना. दोघांच्यात मिळून हा एवढा एकच शब्द. “त्या एका शब्दावर आम्ही दोघांनी आख्खी इमारत उभी केली,” असं ते सांगायचे, आणि सांगताना छाती जरा पुढे यायची.

नंतर त्या शब्दानं त्यांच्या तोंडात घरच केलं. सकाळी बॅटरी घ्यायला यायचे ते ‘ओके’ म्हणत, तो नमस्कार. बॅटरी अर्धीच चार्ज असली तर तोच शब्द लांबवायचे, “ओकेऽऽ”, म्हणजे स्टोअरबाई, आज परत तेच का? सुपरवायझर तोंडसुख घेत असला की मान खाली घालून घाईघाईनं “ओके ओके ओके”, म्हणजे आता पुरे करा. माल जिथल्या तिथे टेकला की “ओक्के!” आणि त्यातला तो जोडीचा क ऐकला की ऑपरेटर वर केबिनमध्ये पाय ताणून बसायचा. एका सेंट्रिंगवाल्याचे वडील गेल्याचा फोन साइटवरच आला, तेव्हा ओकेभाऊ त्याच्याजवळ उकिडवे बसून पाठीवरून हात फिरवत “ओके... ओके...” एवढंच म्हणत राहिले. तो माणूस हळूहळू शांत झाला. दुसरं काही बोलले असते तर तो शांत झाला असता का, कोण जाणे.

झाडू मारणारी मावशी कानानं जरा जड होती. ती दर सकाळी हात थांबवून विचारायची, “कोण ओकतंय रे सकाळी सकाळी?” सगळी साइट हसायची. सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते ओकेभाऊ.

वहिनींना तो शब्द मुळीच आवडत नसे. त्यांच्या तोंडी असायचं ‘बरं’. पण वहिनींचं बरं म्हणजे पाण्यासारखं. ज्या भांड्यात पडेल तसा आकार. नुसतं ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘बरंऽ’ म्हणजे बघू. ‘बरं बाई’ म्हणजे जिंकलात तुम्ही. आणि एक अगदी तुटक ‘बरं’ होतं, ते म्हणताना त्या तोंड फिरवून भांडी उचलायला लागायच्या. त्या बरंचा अर्थ गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होता. वहिनींच्या नवऱ्याला नव्हता.

वहिनींचा धाकटा भाऊ छापखान्यात होता. छापखाना बंद पडला आणि तो बहिणीकडे राहायला आला. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. अंगानं शेलाटा, बोलायला गोड, हाताला चपळ. एका रात्री जेवताना ओकेभाऊ म्हणाले, “धाकट्याला साइटवर लावून टाकतो. माझ्या हाताखालीच राहील. सुपरवायझरशी बोलून झालंय. ओके?”

वहिनी ताट उचलत म्हणाल्या, “बरं.”

“ओक्के!” ओकेभाऊ म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

धाकट्याचा दाजींवर फार जीव. महिनाभरात तो त्यांच्यासारखा हेल्मेट मागे सरकवून चालायला लागला, आणि त्यांच्यासारखाच दर वाक्याला ‘ओके’ लावायला लागला. “आधी एक होता तोच डोकं उठवायचा, आता जोडी झाली,” असं लोक म्हणायचे. ओकेभाऊंना ते ऐकून बरं वाटायचं. त्यांना मूल नव्हतं. धाकटा त्यांची नक्कल करतो, यात त्यांना काय मिळत होतं ते मी बाई असून सांगू शकते.

त्या दिवशी वारा होता, पण काम थांबवण्याइतका नाही. सळ्यांचा एक भारा आठव्या स्लॅबवर उतरवायचा होता. भारा सरळ जमिनीवर टेकवत नाहीत. खाली लाकडाचे दोन ओंडके ठेवतात, म्हणजे भाऱ्याखालून दोर काढता येतो. ते ओंडके लावायचं काम धाकट्याचं. भारा गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थांबला होता. धाकटा वाकून एक ओंडका सरळ करत होता. मध्ये एका खांबाचं सेंट्रिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, आलेलं, त्यामुळे ओकेभाऊंना त्याची पाठ दिसत होती, हेल्मेट दिसत होतं. हात दिसत नव्हते.

त्यांनी ओरडून विचारलं, “ओके?”

धाकट्यानं वर न बघता म्हटलं, “ओके.”

त्यांनी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि ऑपरेटरला सांगितलं, “ओके.”

भारा खाली आला.

त्यानंतरचं ओरडणं मला खाली स्टोअरमध्येही ऐकू आलं. आधी धाकट्याचं, मग ओकेभाऊंचं. “वर! वर! वर घे!” इतक्या स्वच्छ शब्दांत त्यांना बोलताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. ओकेभाऊ, वहिनी आणि मी.  ओकेभाऊ आपल्या तळव्यांकडे बघत होते. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आला. तरणा मुलगा, टोपी काढून घाम पुसत म्हणाला, “ऑपरेशन ओके झालं.”

ओकेभाऊ उभे राहिले. “म्हणजे काय?”

“म्हणजे पेशंट ओके आहे.”

“साहेब,” ओकेभाऊ म्हणाले, “मला ते कळत नाही. हात आहे का गेला, ते सांगा.”

 डॉक्टर आमच्याजवळ बाकावर येऊन बसला आणि त्यानं नीट सांगितलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं काढावी लागली होती. अंगठा आणि करंगळी राहिली होती. मनगट वाचलं होतं. अंगठा आणि करंगळी मिळून पुढे बरंच काही करता येईल, पण वेळ लागेल, आणि दुखेल. वहिनींनी एक-एक गोष्ट ऐकून मान हलवली. ओकेभाऊंनी डॉक्टरला हात जोडले. पुढे चौकशीत सांगावा लागला तेवढा सोडला, तर माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसानंतर त्यांनी तो शब्द उच्चारला नाही.

चौकशी झाली. ऑफिसच्या खोलीत टेबलामागे तिघं बसले होते, वॉकीटॉकी आणि हातमोजे कुणाला कोणते दिले होते ते सांगायला मलाही बोलावलं होतं. ओकेभाऊंना विचारलं, “तुम्ही माल उतरवण्याआधी खात्री केली होती का?”

“केली होती.”

“काय विचारलंत?”

“ओके का, असं विचारलं.”

“तो काय म्हणाला?”

“ओके म्हणाला.”

“मग तुम्ही ऑपरेटरला काय सांगितलंत?”

“तेच.”

टेबलामागची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ऑपरेटरला विचारलं, तर तोही तेच म्हणाला. धाकट्याकडे हॉस्पिटलात जाऊन विचारलं, त्यानंही सांगितलं, “हो, मी ओके म्हणालो होतो. दाजींची काही चूक नाही.” तिघांच्या तोंडी एकच शब्द होता, तिघांनी खरं सांगितलं होतं, आणि हात तर चिरडला होता. शेवटी निघालं ते असं, की संपर्कात त्रुटी राहिली. दोष कुणाचाच नाही. कंपनीनं नवे वॉकीटॉकी आणले, जास्त चांगले. मी पहिला ओकेभाऊंच्या हातात दिला.

“आवाज स्वच्छ येतो याचा,” मी म्हणाले.

“त्या दिवशीही स्वच्छच आला होता, बाई,” ते म्हणाले.

कुणी त्यांना शिक्षा केली असती तर त्यांना हलकं वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटायचं, अजूनही वाटतं.

ते कामावर परत आले, तेव्हा एक अडचण झाली. हाक काय मारायची? ओकेभाऊ म्हणायला कुणाची जीभ धजेना. नुसतं ‘भाऊ’ सुरू झालं. मीही पुढे त्यांना भाऊच म्हणायला लागले.

शब्द सोडला खरा, पण काम शब्दावाचून चालत नाही. भाऊंनी आधी ‘ठीक’ धरला. आठवडाभर बरं चाललं. मग ते विचारायचे “ठीक?”, खालचा म्हणायचा “ठीक”, आणि ते वर सांगायचे “ठीक”. एके दिवशी मध्येच त्यांनी माल हवेतच थांबवून ठेवला. ‘राइट’ म्हणून बघितलं, तर ऑपरेटरनं क्रेनचा लांब हात उजवीकडे वळवला. खाली पळापळ. कुणाला काही लागलं नाही, पण सुपरवायझरनं सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ‘चालेल’ आला. त्यावर वरून ऑपरेटरनंच विचारलं, “भाऊ, चालेल म्हणजे चालवू, का आहे तसंही चालेल?” ‘बरोबर’ काढला, तर खालची पोरं शाळेत पाढे म्हटल्यासारखी सुरात “बरोब्बर!” म्हणायला लागली.

दुपारच्या सुट्टीत ऑपरेटर खाली उतरला होता. तो एरवी कमी बोलणारा माणूस. त्या अपघातानंतर तोही नीट झोपत नव्हता, असं त्याची बायको सांगायची. तो भाऊंच्या शेजारी डबा उघडत म्हणाला, “शब्द बदलून काय होणार, भाऊ? तोंडं तीच आहेत.”

 भाऊ डबा तसाच बंद करून माझ्या खिडकीशी आले. हातमोज्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाले, “स्टोअरबाई, तुम्ही धाकट्याला रोज ऐकायच्या. तो ते म्हणायचा ना, तेव्हा त्याचा आवाज शेवटी वर जायचा, का खाली यायचा?”

मला आधी कळेना. मग कळलं. हा माणूस रोज, सारखा, तो एक शब्द कानात फिरवून ऐकत होता. आवाज खाली आला असेल तर तो ‘झालं, सोडा’ असा असणार. वर गेला असेल तर ‘ऐकलं, थांबा जरा’ असा. पहिला असेल तर भाऊंची चूक नव्हती. दुसरा असेल तर सगळी त्यांचीच होती.

“कधी वर जायचा, कधी खाली,” मी म्हणाले. खोटं बोलायला मला जमलं नाही.

“त्यालाच का नाही विचारत?” मी विचारलं.

ते म्हणाले, “तो सांगेल म्हणून.”

घरी धाकटा डाव्या हातानं सदऱ्याची बटणं लावायला शिकत होता. चहाचा कप अंगठा आणि करंगळीत धरून बघायचा, कप निसटायचा. दाजींनी विचारलं, “दुखतंय का?” की तो लगेच म्हणायचा, “ओके आहे, दाजी.” त्याला वाईट काही म्हणायचं नसायचं. जिभेची सवय. पण भाऊ उठून बाहेर जायचे आणि शिंप्याच्या ओट्यावर बसून राहायचे.

एका संध्याकाळी ते असेच उठायला लागले, तेव्हा वहिनींनी अडवलं. धाकटा व्यायामासाठी हॉस्पिटलात गेला होता. पुढचं मला वहिनींनी स्वतःच सांगितलं.

“पळू नका,” वहिनी म्हणाल्या. “किती दिवस पळणार आहात?”

“माझ्यामुळे झालं. तुझ्यासमोर बसवत नाही मला.”

“तुमच्या एकट्यामुळे नाही. मी पण बरं म्हणाले होते.”

“तू बरं म्हणालीस म्हणून तर मी त्याला लावलं. तुझी परवानगी होती.”

“मी बरं म्हणाले होते,” वहिनी म्हणाल्या. “हो नव्हते म्हणाले.”

भाऊ म्हणाले, “मग नाही म्हणायचं होतंस. मी काय तुझं ऐकलं नसतं?”

“तुम्ही विचारलं कुठे होतं? सुपरवायझरशी बोलून आला होतात. मला सांगितलंत, आणि पुढे ते तुमचं ओके लावलंत. त्याला काय नाही म्हणायचं? शेपटीला कुणी नाही म्हणतं का?”

वहिनी रडत नव्हत्या, असं त्या सांगतात. लग्न झाल्यापासून त्या तुटक बरंमध्ये किती आणि काय काय साठलं होतं, ते त्या दिवशी त्यांनी एक-एक करून नवऱ्यापुढे मांडलं. घर बदललं तेव्हाचं. सासूच्या आजारपणात शिवणकाम सोडलं तेव्हाचं. भाऊ खाली बसून ऐकत राहिले. दिवा लावायचीही कुणाला आठवण राहिली नाही.

शेवटी ते म्हणाले, “त्या दिवशी मी धाकट्यालाही विचारलं नव्हतं.”

वहिनींना कळेना.

“तोंडानं विचारलं. पण माझं मनात ठरलं होतं, की झालंय. हात बटणावर गेलाच होता. तो काहीही म्हणाला असता तरी मी दाबलंच असतं.”

 वहिनींनी उठून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी टोळीला गोळा केलं. म्हणाले, “आजपासून मला कुणी काही बोलायचं नाही. मी ‘हात’ म्हटलं की हातातलं सोडून सरळ उभं राहायचं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर करून दाखवायचे. दोन्ही हात दिसले नाहीत तर माल उतरणार नाही. मध्ये खांब असेल तर मी खांबाला वळसा घालून येईन.”

पोरं कुरकुरली. “चोर पकडल्यासारखं वाटतं,” एक म्हणाला. “दिवसभर शरण जायचं का आम्ही?” दुसरा म्हणाला. काम थोडं मंदावलं आणि सुपरवायझरनं दोनदा येऊन डोळे वटारले. भाऊंनी त्याला सरळ सांगितलं, “मला काढून दुसरा आणा. मी असेपर्यंत असंच होईल.” दुसरा सिग्नलवाला कुठे रस्त्यावर पडलेला नसतो. सुपरवायझर बडबडत निघून गेला. पुढे पोरांना सवय झाली. इतकी, की खिडकीशी हातमोजे घ्यायला आली तरी गमतीनं दोन्ही हात वर करून उभी राहायची.

धाकट्याला विचारायला भाऊंना आणखी वेळ लागला. एका रविवारी दोघं हॉस्पिटलातून चालत घरी येत होते. वाटेतल्या पुलावर भाऊ थांबले. धाकट्यानं नंतर मला सांगितलं, की दाजींचा चेहरा असा झाला होता, की याला वाटलं यांना चक्कर येतेय.

“त्या दिवशी तू जे म्हणालास,” भाऊ म्हणाले, “ते काय म्हणून म्हणालास? खाली सोडा म्हणून, का थांबा म्हणून?”

धाकट्यानं विचारलं, “खरं सांगू, दाजी?”

“खरंच सांग.”

“मी काहीच म्हणून म्हणालो नाही. तुमचा आवाज आला, ओके. मी म्हणालो, ओके. कुणी शिंकलं की आपण वळून बघतो ना, तसं. तुम्ही मला विचारताय हेही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी ओंडका बघत होतो. तो हलत होता.”

“एवढंच?”

“एवढंच. मी पण पडल्या पडल्या पुष्कळ आठवून बघितलं. त्यात काही नव्हतंच.”

भाऊ कठड्याला टेकले. इतके महिने त्या शब्दात त्यांनी काय काय भरून बघितलं होतं. स्वतःची सुटका, स्वतःची फाशी. आणि तो शब्द रिकामा निघाला.

“तू माझ्यावर रागावला आहेस का?” त्यांनी विचारलं.

“मधूनमधून,” धाकटा म्हणाला. “सकाळी बटणं लावताना जास्त. मग जातो.”

“बरं झालं सांगितलंस.”

“आणि तुम्ही बाहेर जाऊन त्या ओट्यावर बसता ना, त्याचा जास्त राग येतो. ते बंद करा.”

भाऊंनी ते बंद केलं. शिंप्याला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

धाकट्यासाठी बसून करायचं काम मिळावं म्हणून वहिनी स्वतः कंपनीच्या ऑफिसात गेल्या. आधी “बघू”, मग “कळवतो”, मग “साहेब दौऱ्यावर आहेत”. वहिनी म्हणाल्या, “बघू म्हणजे कधी बघणार? कोण बघणार? त्याला बोलवा, मी इथे बसते.” आणि खरंच बसल्या. ऑफिसातल्या माणसांची जेवायची वेळ झाली, तरी उठल्या नाहीत. धाकटा माझ्या हाताखाली स्टोअरला लागला. अक्षर डाव्या हातानं काढायचा, सुरुवातीला कोंबडीचे पाय, पुढे माझ्यापेक्षा बरं. नंतर त्याला दुसऱ्या गावी मोठं स्टोअर मिळालं, तिथे त्यानं लग्न केलं, संसार मांडला. कप अजूनही त्याच्या हातून कधीकधी निसटतो. बायको काचेचे कप घरात ठेवत नाही.

भाऊ आणखी बरीच वर्षं स्लॅबवर उभे राहिले. त्यांच्या नजरेखाली पुन्हा कुणाला इजा झाली नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. पण एकदा एकाचा पाय मोडला, आणि त्यात भाऊंचा काही संबंध नव्हता. तरी ते त्याच्या घरी रोज जात होते. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टरनं काढून दिला, तरी त्यांनी स्वतःहून काम सोडलं. “माझ्या नजरेवर दुसऱ्याचा हात ठेवायचा, तर नजर शंभर टक्के पाहिजे,” म्हणाले. ऑपरेटरनं त्या दिवशी केबिनमधून उतरून त्यांना स्टँडपर्यंत पोचवलं. दोघं वाटेत काही बोलले की नाही, ठाऊक नाही.

धाकट्यानं दोघांना आपल्या गावी राहायला बोलावलं. भाऊंना जायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी वहिनींना विचारलं, “तुला काय वाटतं?” आणि पुढे काही न बोलता थांबले. वहिनी म्हणाल्या, “विचार करून सांगते.” चांगले आठवडाभर त्या विचार करत होत्या. भाऊ रोज माझ्याकडे येऊन “अजून काही बोलली नाही” म्हणायचे आणि परत जायचे.

मग एका सकाळी वहिनींनी सांगितलं, “मला इथेच राहायचंय. आणि स्वयंपाकघराला खिडकी पाहिजे.”

“खिडकी?”

“या भिंतीला. मला उजेड हवाय.”

“मग आधी का नाही सांगितलंस? मी आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांच्या चौकटी चढवल्या.”

“आधी मलाच ठाऊक नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

गवंडी बोलावला. धाकटा रजा घेऊन आला. ज्या दिवशी चौकट बसवायची होती, त्या दिवशी मीही गेले होते. भिंतीला मोठं भगदाड पडलेलं, घरभर सिमेंटची धूळ. भाऊ आणि धाकटा गल्लीच्या बाजूनं चौकट धरून उभे, गवंडी पाचरी मारायला तयार, आणि वहिनी आत चुलीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

“डावीकडे सरकवा,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या नाही, माझ्या डावीकडे. आणखी थोडं. आता वरचा कोपरा खाली आलाय, तो उचला. धाकट्या, तुला जड होतंय का?”

“होतंय,” धाकटा म्हणाला.

“मग खाली ठेव, दम घे. घाई नाही कुणाला.”

त्यांनी चौकट खाली टेकवली. भाऊंनी बाहीनं कपाळ पुसलं आणि खिडकीच्या भोकातून आत बघितलं. वहिनींच्या चेहऱ्यावर समोरून ऊन पडलं होतं, आणि त्या डोळे बारीक करून भिंतीचा अंदाज घेत होत्या.